नॅसच्या डब्यावर यूएसबीवरून ओपनमीडियावॉल्ट: मूळ सिस्टीम शाबूत ठेवून

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागातल्या फोटो स्टुडिओंत, डीटीपीच्या दुकानांत आणि पतसंस्थांच्या कार्यालयांत दोन किंवा चार डिस्कांचे नॅसचे डबे, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या संगणकांना फायली पुरवणारे डिस्कांचे खोके, आता सर्रास दिसतात. काही वर्षांनी कंपनीचे अपडेट यायचे थांबतात, पण आतले मशीन धडधाकट असते. अशा वेळी लोक एकतर नवीन डबा घेतात, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरवरच रेटत राहतात. दुसरे जास्त धोक्याचे आहे. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसांनी इंटरनेटला उघडे असलेले नॅस गाठून फायली कुलूपबंद केल्या होत्या. डबा इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरचा असेल तर तो मुळात एक छोटा पीसीच असतो. त्यावर पेन ड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवता येते, आणि जपून केले तर परतीची वाटही उघडी राहते.

इथे उदाहरण टेरामास्टरच्या एफ२-२२१ आणि एफ२-४२३ या मॉडेलांचे घेतले आहे. सिस्टीम ओपनमीडियावॉल्ट या नॅससाठीच्या मोफत सिस्टीमची आवृत्ती ७, म्हणजे डेबियन १२ या लिनक्सवर बांधलेली.

आधी डबा चालेल का ते बघा

डब्याला एचडीएमआय पोर्ट आहे का, आणि प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे का, या दोन प्रश्नांतच बरेचसे उत्तर मिळते. एफ२-२२१ मध्ये सेलेरॉन जे३३५५ आणि २ जीबी रॅम असते. एफ२-४२३ मध्ये सेलेरॉन एन५०९५, ४ जीबी रॅम आणि २.५ गिगाबिटचे दोन लॅन पोर्ट. दोन्ही चालतात. क्यूनॅपचे टीएस-२५१ आणि टीएस-४५३ या घराण्यातले एचडीएमआयवाले डबेही या पद्धतीने सुरू होतात.

एफ२-२१० मात्र चालत नाही. बाहेरून तो एफ२-२२१ सारखाच दिसतो, पण आत एआरएम प्रोसेसर आहे आणि पीसीसारखा बायोस (मशीन सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) नाही. जुना डबा विकत घेताना हीच गफलत होते, म्हणून खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सिनॉलॉजीच्या बहुतेक घरगुती डब्यांना स्क्रीनचा पोर्टच नसतो. तिथे सिरीयल केबल जोडून काम करावे लागते, तो वेगळा विषय आहे.

सामान

पेन ड्राइव्ह दोन लागतात. इन्स्टॉलरसाठी ८ जीबीचा कुठलाही चालेल. दुसरा, ज्यावर सिस्टीम कायमची राहणार आहे, तो चांगल्या कंपनीचा ३२ जीबीचा घ्या. जमल्यास एकाच बनावटीचे दोन घ्या, कारण पुढे त्याची हुबेहूब प्रत काढायची आहे. नवीन पेन ड्राइव्ह आणल्यावर आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून क्षमता तपासा. बाजारात ३२ लिहिलेले पण प्रत्यक्षात ८ जीबीचे माल मिळतात. ते इन्स्टॉल होईपर्यंत नीट वागतात आणि पुढे कधीतरी भरलेल्या जागेवर पुन्हा लिहून सिस्टीम मोडतात. खर्चाची तयारी असेल तर पेन ड्राइव्हऐवजी यूएसबी केसमधली छोटी एसएसडी घ्या. ती अनेक पटींनी जास्त टिकते.

शिवाय मॉनिटर, एचडीएमआय केबल, वायरचा कीबोर्ड, लॅन केबल, फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणि एक यूएसबी हब. हब विसरू नका. या डब्यांना बाहेरून दोनच यूएसबी पोर्ट आहेत आणि इन्स्टॉल करताना कीबोर्ड, इन्स्टॉलर आणि सिस्टीमचा पेन ड्राइव्ह अशा तीन वस्तू लागतात. कीबोर्ड आणि इन्स्टॉलर हबवर लावा, सिस्टीमचा पेन ड्राइव्ह थेट डब्याला.

डिस्का बाहेर

डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. रेडमध्ये (डिस्का एकत्र जोडून चालवण्याची पद्धत) दोन डिस्का आहेत म्हणजे बॅकअप आहे, असे धरू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते.

मग डबा रीतसर बंद करा, वायर काढा, प्रत्येक ट्रेवर मार्करने १, २ असे आकडे घाला आणि सगळ्या डिस्का बाहेर काढून ठेवा. इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत त्या आत जाऊ द्यायच्या नाहीत. इन्स्टॉलर डिस्कांची यादी दाखवतो तेव्हा घाईत चुकीची ओळ निवडली तर सगळा डेटा जातो. डिस्क आतच नसेल तर ही चूक होणारच नाही.

आता डब्याच्या मागचे स्क्रू काढून आतला बोर्ड बघा. टेरामास्टरमध्ये बोर्डावरच्या यूएसबी पोर्टात एक इवलासा पेन ड्राइव्ह बसवलेला असतो. कंपनीची सिस्टीम, म्हणजे टॉस, यावरूनच सुरू होते. बायोसच्या यादीत तो बहुधा ‘यूटॉसडिस्क’ नावाने दिसतो. त्याच्यावर काहीही लिहायचे नाही. हलकेच काढून पीसीला लावा, विन३२ डिस्क इमेजरने ‘रीड’ करून त्याची इमेज (हुबेहूब प्रतीची फाइल) सांभाळून ठेवा. पीसीला लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारेल, तिथे नाही म्हणा. इमेज झाली की तो परत बोर्डावर बसवा.

क्यूनॅपमध्ये हेच काम बोर्डावरची छोटी फ्लॅश चिप-पट्टी करते. तिलाही हात लावू नका.

इन्स्टॉलर तयार करणे आणि बायोस

ओपनमीडियावॉल्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ (इन्स्टॉलरची इमेज फाइल) घ्या आणि बॅलेनाएचरने छोट्या पेन ड्राइव्हवर लिहा. रूफस वापरत असाल तर ते विचारते तेव्हा ‘डीडी इमेज’ हाच पर्याय निवडा. दुसऱ्या पर्यायाने बनवलेला इन्स्टॉलर सुरू होतो, पण मध्येच ‘सीडी सापडत नाही’ म्हणून अडतो.

मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून डबा चालू करा आणि लगेच डिलीट की टकटक दाबत राहा. बायोसमध्ये ही कामे करायची. सिक्युअर बूट बंद करा. बूटच्या पानावर यूएसबी सगळ्यात वर आणा. एफ२-४२३ आणि त्याच्या भावंडांत ‘टॉस बूट फर्स्ट’ नावाचा एक वेगळा पर्याय आहे, तो डिसेबल करा. हा चालू राहिला तर क्रम कितीही बदला, डबा प्रत्येक वेळी मूळ टॉसवरच जातो, आणि पेन ड्राइव्ह खराब आहे असे वाटून माणूस तीन पेन ड्राइव्ह बदलतो. शेवटी, वीज परत आल्यावर काय करायचे ते सांगणारा पर्याय ‘पॉवर ऑन’ करा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते. हा पर्याय नसेल तर सकाळी दुकान उघडल्यावर डबा बंद पडलेला मिळतो.

बदल सेव्ह करून बाहेर पडा.

इन्स्टॉल करण्यापूर्वी, शक्य असेल तर, सिस्टमरेस्क्यूसारखी लाइव्ह सिस्टीम पेन ड्राइव्हवरून एकदा चालवून बघा. ती रॅममधून चालते, काही लिहीत नाही. लॅनला आयपी मिळतो का, एखादी जुनी रिकामी डिस्क लावल्यावर दिसते का, पंखा फिरतो का, एवढे बघितले की पुढच्या निम्म्या शंका मिटतात.

इन्स्टॉल

भाषा, कीबोर्ड, मशीनचे नाव आणि रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड हे प्रश्न सरळ आहेत. देश भारत निवडला की वेळ आपोआप कोलकात्याच्या नावाने लागते, तीच आपली. लॅन केबल जोडलेली असू द्या. डिस्क निवडायच्या पानावर आता फक्त पेन ड्राइव्हच दिसायला हवेत. आकार बघून ३२ जीबीवाला निवडा. ३२ चा पेन ड्राइव्ह तिथे २९ किंवा ३० असाही दिसू शकतो, ते बरोबर आहे.

पेन ड्राइव्हवर लिहिणे संथ असते. पट्टी एकाच जागी बराच वेळ थांबली म्हणून डबा बंद करू नका.

संपल्यावर इन्स्टॉलर काढून डबा पुन्हा चालू करा. स्क्रीनवर आयपी पत्ता येतो. तो दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका. वापरकर्ता ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड ‘ओपनमीडियावॉल्ट’, दोन्ही इंग्रजी छोट्या लिपीत आणि सलग. आत गेल्याबरोबर पासवर्ड बदला. मग राउटरमध्ये जाऊन या डब्याचा आयपी राखून ठेवा. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्या संगणकांवरचे शॉर्टकट तुटतात.

सुरूच होत नाही तेव्हा

सगळ्यात जास्त सापडणारी अडचण ही: पहिल्यांदा नीट सुरू झाले, मग पेन ड्राइव्ह काढून परत लावला आणि आता बायोसला तो दिसतच नाही. कारण असे, की डेबियन आपली बूट फाइल ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘डेबियन’ या उपफोल्डरात ठेवते आणि तिचा पत्ता बायोसच्या स्मृतीत नोंदवते. पेन ड्राइव्ह काढला की काही बायोस ती नोंद पुसतात. नंतर ते फक्त ठरलेल्या एकाच जागी शोधतात: ‘ईएफआय’ मधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची ईएफआय फाइल. उपाय सोपा आहे. पेन ड्राइव्ह लिनक्स असलेल्या पीसीला लावा, पहिल्या छोट्या फॅट विभागात हे ‘बूट’ फोल्डर तयार करा आणि ‘डेबियन’ मधली ‘ग्रबएक्स६४’ फाइल तिथे नवीन नावाने कॉपी करा. मूळ फाइल जागची हलवू नका. इन्स्टॉल करताना ‘रिमूव्हेबल मीडियाच्या मार्गावरही ग्रब टाकू का’ असा प्रश्न आलाच (ग्रब म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), तर हो म्हणा. मग हे सगळे करावे लागत नाही.

ग्रबची यादी दिसते, पण पुढे जाऊन ‘इनिटरॅमएफएस’ असा काळा पडदा येत असेल तर पेन ड्राइव्ह जागा व्हायला वेळ घेतो आहे. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत ‘रूटडिले’ १० सेकंदांचा घालून बघा, किंवा पोर्ट बदला.

आणखी एक धोका. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की बायोस मूळ पदावर येतो आणि डबा पुन्हा टॉसवर जातो. पेन ड्राइव्ह अचानक मेला तरी तेच होते. टॉसला डिस्कांवर आपली खूण सापडत नाही, म्हणून तो नव्या डब्यासारखे ‘इनिशियलाइज करा’ असे पान दाखवतो. कार्यालयातल्या कोणी भाबडेपणाने ते बटण दाबले तर डिस्का साफ होतात. म्हणून महिनाभर नवी सिस्टीम नीट चालल्यावर आतला मूळ पेन ड्राइव्ह काढून पाकिटात घाला, पाकिटावर मॉडेल नंबर लिहा आणि कागदपत्रांच्या कपाटात ठेवा. पाकीट डब्यालाच चिकटवू नका, डब्याच्या उष्णतेने गोंद सुटतो आणि ते हरवते.

डिस्का आत

डबा बंद करूनच डिस्का बसवा, आकड्यांच्या क्रमाने.

नव्याने सुरुवात करायची असेल तर काम सरळ आहे: डिस्क वाइप, एक्स्ट४ फाइल सिस्टीम, माउंट, शेअर्ड फोल्डर, वापरकर्ते, एसएमबी (विंडोजच्या संगणकांना फोल्डर दिसण्याची सोय). दोन डिस्कांचा मिरर (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) हवा असेल तर आवृत्ती ७ मध्ये रेडचे पान आपोआप येत नाही. प्लगइनच्या यादीतून ‘एमडी’ हे प्लगइन आधी टाकावे लागते.

जुना डेटा आहे तसाच वाचायचा असेल तर घाई नको. टेरामास्टर लिनक्सचेच साधे रेड वापरतो, त्यामुळे ओपनमीडियावॉल्ट ते बहुधा ओळखते. मध्ये एलव्हीएमचा (डिस्कांच्या जागेची वाटणी करणारा लिनक्सचा) थर असेल तर त्याचेही प्लगइन टाका. तरी पहिली नजर सिस्टमरेस्क्यूमधून, फक्त वाचण्यापुरते माउंट करून टाका. क्यूनॅपच्या नव्या फर्मवेअरचे स्टोरेज पूल मात्र कंपनीने बदललेल्या एलव्हीएमवर असतात. साधे लिनक्स ते बहुतेक वेळा उघडू शकत नाही. तिथे बॅकअप घेऊन डिस्का कोऱ्या करणे हाच मार्ग आहे.

मराठी आणि कन्नड फायलींची नावे

सीमाभागात हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर. स्टुडिओतल्या फोल्डरांची नावे निम्मी मराठीत आणि निम्मी कन्नडमध्ये असतात, आणि लग्नाच्या फोल्डराला वधू-वरांची पूर्ण नावे, गाव, कार्यालय, तारीख असे सगळे दिलेले असते. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम नावात २५५ खुणा (कॅरेक्टर) घेते. लिनक्सच्या एक्स्ट४ आणि बीटीआरएफएस २५५ बाइट घेतात. इंग्रजी अक्षर १ बाइटचे असते, पण देवनागरी आणि कन्नडची प्रत्येक खूण ३ बाइटची, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘निपाणी’ दिसायला तीन अक्षरे, पण खुणा ६ आणि बाइट १८. ‘लक्ष्मी’ मध्ये ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी अशा ७ खुणा, म्हणजे २१ बाइट. या हिशोबाने फाइलच्या नावात ८५ खुणाच मावतात, आणि शेवटी टिंब धरून चार अक्षरांचे जेपीजीचे शेपूट असेल तर ८३.

जुन्या संगणकावर गुण्यागोविंदाने राहिलेली फाइल नॅसवर टाकताना ‘नाव फार लांब आहे’ म्हणून अडते ती यामुळे. एसएमबीच्या सेटिंग्जमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटत नाही. मोठी कॉपी लावण्यापूर्वीच लांब नावे आखूड करा, आणि तारीख आकड्यांत लिहा, कारण इंग्रजी आकडा १ बाइटचा असतो आणि देवनागरी आकडा ३ बाइटचा. फोल्डराच्या नावालाही हीच मर्यादा आहे, पण ती प्रत्येक फोल्डराला वेगवेगळी लागते. त्यामुळे ‘गाव’ हा वरचा फोल्डर आणि ‘नावे’ हा आतला असे दोन थर केले की बहुतेक अडचण मिटते.

पंखा, वीज आणि पेन ड्राइव्हचे आयुष्य

मूळ सिस्टीम पंखा तापमानानुसार फिरवत होती. नवी सिस्टीम ते काम आपोआप हाती घेईलच असे नाही. टेरामास्टरच्या बोर्डावरच्या चिपला डेबियनचा नेहमीचा ‘आयटी८७’ ड्रायव्हर पुरत नाही, त्याची बाहेर मिळणारी सुधारित आवृत्ती लागते. क्यूनॅपसाठी ‘क्यूनॅप८५२८’ हे मॉड्यूल आहे. ते जमत नसेल तर बायोसमध्ये पंख्याचा वेग थोडा चढा ठेवून मोकळे व्हा. स्मार्टच्या (डिस्कांची तब्येत सांगणारी सोय) पानावर डिस्कांचे तापमान रोज बघा: ४० च्या आसपास ठीक, ५० अंशांकडे जाऊ लागले तर पंखा वाढवा. अथणी, रायबाग भागात एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात ठेवलेला डबा ही मर्यादा सहज गाठतो. पुढचे डिस्कांचे दिवे आणि कॉपीचे बटण बहुधा काम करणार नाही. त्याने काही बिघडत नाही.

यूपीएस घ्याच. दोन डिस्कांचा डबा साधारण २० ते ३० वॅट खातो, त्यामुळे ६०० व्हीएचा पुरतो, पण मागे यूएसबीचा डेटा पोर्ट असलेलाच निवडा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना तो नसतो. मग ‘नट’ हे यूपीएसशी बोलणारे प्लगइन टाकून वीज गेल्यावर काही मिनिटांनी डबा स्वतःहून बंद होईल असे लावा. एखादा यूपीएस स्वतःचा आउटपुट कापत नाही. तसे असेल आणि बंद होत असतानाच लाइट आली तर डब्याला वीज गेल्याचे कळतच नाही आणि तो बंदच राहतो, तेव्हा बटण दाबा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बदली व्हायला लागणारा वेळ डब्याला झेपत नाही.

सिस्टीम सतत लॉग लिहीत असते आणि पेन ड्राइव्ह त्यानेच झिजतो. ओएमव्ही-एक्स्ट्राज हा जादा प्लगइनांचा साठा टाकून त्यातले ‘फ्लॅशमेमरी’ प्लगइन पहिल्याच दिवशी चालू करा. ते लॉग रॅममध्ये ठेवते आणि डबा बंद होताना पेन ड्राइव्हवर उतरवते. अचानक वीज गेली तर तेवढे लॉग जातात, डेटा नाही.

सगळे मनासारखे लागले की डबा बंद करून सिस्टीमच्या पेन ड्राइव्हची इमेज काढा आणि दुसऱ्या ३२ जीबीवर लिहून ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ३२ जीबीमध्ये काही एमबीचा फरक असतो आणि दुसरा किंचित लहान निघाला तर इमेज मावत नाही. एकाच बनावटीचे दोन घ्यायचे ते यासाठी. दोन्ही पेन ड्राइव्ह एकाच वेळी डब्याला लावू नका. दोघांची ओळख एकच असल्यामुळे सिस्टीम कोणत्याही एकावरून सुरू होते आणि बदल भलतीकडेच लिहिले जातात.

परत टॉसवर जायचे असेल तर

डबा बंद करा, डिस्का बाहेर काढा, बाहेरचा पेन ड्राइव्ह काढा, पाकिटातला मूळ पेन ड्राइव्ह बोर्डावर बसवा आणि बायोसमध्ये ‘टॉस बूट फर्स्ट’ पुन्हा चालू करा. टॉसच्या काळातल्या डिस्का तुम्ही पुसल्या नसतील तर त्या आकड्यांच्या क्रमाने घातल्यावर जुनी मांडणी दिसायला हवी. ओपनमीडियावॉल्टमध्ये नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्का मात्र टॉससमोर तशाच ठेवू नका. आधी त्यांचा बॅकअप घ्या, मगच इनिशियलाइज करा.